एकाच वर्षाची आवडती गाणी कशी निवडावीत: १९६१ च्या हिंदी चित्रपटगीतांच्या निमित्ताने

आवडत्या हिंदी गाण्यांची यादी करायला बसले, की बहुतेकांची वही पहिल्या अर्ध्या तासातच भरते. त्या अर्ध्या तासात आधीपासून पाठ असलेली गाणी कागदावर उतरतात, इतकेच. मात्र एकाच वर्षाची मर्यादा घालून घेतली, की पाठ असलेली गाणी पाचसहा नावांतच संपतात आणि उरलेली जागा भरण्यासाठी ऐकावे लागते. माझ्या मते अशा यादीचा खरा उपयोग तोच आहे. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती मी १९६१ या वर्षासाठी वापरली. वर्ष बदलल्यास उदाहरणे बदलतील, पण कामाचा क्रम तोच राहील.

वर्ष निवडताना एखाद्या लाडक्या गाण्यावरून ते निवडू नये, कारण मग उरलेली सर्व गाणी त्या एका गाण्याच्या पंक्तीला वाढलेल्या कोशिंबिरीसारखी होतात. वर्षाला स्वतःचे काही कारण असावे. गोव्यात राहणाऱ्याला १९६१ हे वर्ष निवडण्यासाठी वेगळे कारण शोधावे लागत नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तेव्हापासून आमच्याकडील वडीलधारी माणसे कोणतीही आठवण ‘मुक्तीच्या आधीची की नंतरची’ असा प्रश्न विचारूनच जागेवर बसवतात. गाण्यांनाही ते हाच प्रश्न विचारतात. फोंड्याला आमच्या घरी चवथीच्या सुट्टीत जमलेल्या मंडळींसमोर मी ‘जंगली’ चित्रपटाचे नाव काढले, तेव्हा आत्याने ठामपणे सांगितले की तो चित्रपट मुक्तीनंतरचा आहे. तिने तो पाहिला मुक्तीनंतर, चित्रपट मात्र १९६१ चा. या एका वाक्यावरून लक्षात आले की पहिले काम गाणी गोळा करण्याचे नसून ‘वर्ष’ म्हणजे काय ते ठरवण्याचे आहे.

वर्ष म्हणजे नेमके कोणते?

एखादे गाणे कोणत्या वर्षाचे, याची किमान चार उत्तरे संभवतात: ध्वनिमुद्रणाचे वर्ष, तबकडी बाजारात आल्याचे वर्ष, चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळाल्याचे किंवा तो प्रदर्शित झाल्याचे वर्ष, आणि गाणे लोकांच्या तोंडी बसल्याचे वर्ष. पहिली दोन शोधणे सामान्य रसिकाला फार अवघड जाते. चौथे वर्ष आकर्षक असले तरी फसवे आहे, आणि याच ठिकाणी मी स्वतः एकदा सपशेल चुकलो. ‘एहसान तेरा होगा मुझ पर’ हे गाणे मी १९६२ च्या यादीत घातले होते, कारण लोकप्रिय गाण्यांचा क्रम लावणाऱ्या ‘बिनाका गीतमाला’ या रेडिओ कार्यक्रमाच्या १९६२ च्या वार्षिक यादीत ते पहिल्या क्रमांकावर होते. गाणे ‘जंगली’तील आणि चित्रपट १९६१ चा. १९६१ च्या वार्षिक यादीत पहिले आलेले ‘तेरी प्यारी प्यारी सूरत को’ हे ‘ससुराल’मधील गाणे मात्र त्याच वर्षीच्या चित्रपटाचे आहे. म्हणजे गीतमालेची वार्षिक यादी कधी चित्रपटाच्या वर्षाशी जुळते, कधी एक पाऊल मागे असते.

गीतमालेला एवढे वजन का आले, हेही ध्यानात ठेवावे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता घराघरांतील रेडिओचे काटे सिलोनच्या लघुलहरींकडे वळू लागले. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली, तरी सवय लागायची ती लागलीच होती. त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या स्मरणातील ‘साल’ हे पुष्कळदा गीतमालेचे साल असते. त्यांची आठवण जरूर लिहून घ्यावी, पण तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

माझा नियम साधा आहे: चित्रपटाचे वर्ष तेच गाण्याचे वर्ष. जिथे संदर्भांत मतभेद आहे, तिथे ते गाणे ‘सीमेवरची’ या स्वतंत्र पानावर लिहावे. ‘जिस देश में गंगा बहती है’ हा चित्रपट काही ठिकाणी १९६० चा तर काही ठिकाणी १९६१ चा म्हणून नोंदलेला सापडतो. ‘आ अब लौट चलें’सारखे गाणे हाताशी असताना ते बाजूला ठेवणे जिवावर येते, पण एकदा केलेला अपवाद पुढच्या दहा अपवादांना बोलावून आणतो. आणखी एक गंमत म्हणजे चालीचे वय. ‘झुमरू’मधील ‘कोई हमदम न रहा’ हे गाणे किशोर कुमार यांनी १९६१ मध्ये गायले, परंतु मूळ गाणे अशोक कुमार यांनी १९३६ च्या ‘जीवन नैया’मध्ये गायलेले होते. ते मी यादीत ठेवले आणि शेजारी १९३६ हा आकडा लिहिला.

मोठी यादी

आता वही किंवा संगणकावरील तक्ता घ्यावा. रकाने असे असावेत: चित्रपट, गाण्याची पहिली ओळ, गायक, गीतकार, संगीतकार, माहीत असल्यास वाद्यवृंद संयोजक, कोणती आवृत्ती ऐकली, वडीलधाऱ्यांच्या आठवणीसाठी ‘कधी ऐकले’, आणि शेरा. आधारासाठी हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सर्वांत भरवशाचा आहे. त्याच्या चौथ्या खंडात १९६१ ते १९७० या वर्षांतील चित्रपट आहेत. जुनी नियतकालिके आणि संदर्भग्रंथ यांच्यासाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दिवस काढावा. यूट्यूबवरील मथळ्यांवर मात्र विसंबू नये. तिथे सुमन कल्याणपूर यांची गाणी लता मंगेशकरांच्या नावावर आणि महेंद्र कपूर यांची रफींच्या नावावर सर्रास चढवलेली दिसतात. शक्य असेल तर चित्रपटाची श्रेयनामावली थांबवून वाचावी.

यादी चित्रपटांच्या आद्याक्षरांनुसार न लावता संगीतकारांनुसार लावावी, असे मी आग्रहाने सांगेन. तसे केल्याबरोबर वर्षाचा आकार दिसू लागतो. १९६१ मध्ये शंकर-जयकिशन यांचे ‘जंगली’, ‘ससुराल’, ‘जब प्यार किसी से होता है’, ‘बॉयफ्रेंड’, ‘आस का पंछी’ आणि ‘रूप की रानी चोरों का राजा’ असे एकामागून एक चित्रपट दिसतात. सलिल चौधरी यांच्या नावावर ‘काबुलीवाला’, ‘माया’, ‘मेम दीदी’ आणि ‘चार दीवारी’ आहेत. नौशाद यांचा ‘गंगा जमना’ आहे, रवी यांचे ‘घराना’ व ‘नजराना’, चित्रगुप्त यांचे ‘ऑपेरा हाऊस’ व ‘जबक’, मदन मोहन यांचा ‘संजोग’, खय्याम यांचा ‘शोला और शबनम’, जयदेव यांचा ‘हम दोनो’. राहुल देव बर्मन यांचा संगीतकार म्हणून पहिला चित्रपट ‘छोटे नवाब’ याच वर्षीचा. मराठी वाचकाने तर सुधीर फडके यांचा ‘भाभी की चूड़ियाँ’, सी. रामचंद्र यांचा ‘स्त्री’ आणि वसंत देसाई यांचा ‘संपूर्ण रामायण’ यांच्यापाशी थांबायलाच हवे. त्यांतील पहिला हा ‘वहिनींच्या बांगड्या’ या १९५३ च्या मराठी चित्रपटाचा हिंदी अवतार असून मराठीचे संगीतही फडके यांचेच होते.

गीतकाराचा रकाना भरताना चित्रपटाला एकच नाव देऊन मोकळे होऊ नये, कारण अनेक चित्रपटांत दोन किंवा अधिक गीतकार असत. ‘जंगली’तील ‘चाहे कोई मुझे जंगली कहे’ शैलेंद्र यांचे आहे आणि ‘एहसान तेरा होगा’ हसरत जयपुरी यांचे. ‘काबुलीवाला’तील ‘ऐ मेरे प्यारे वतन’ प्रेम धवन यांनी लिहिले, तर त्याच चित्रपटातील हेमंत कुमार यांनी गायलेले ‘गंगा आए कहाँ से’ गुलजार यांचे आहे.

न लिहिलेली नावे

वाद्यवृंद संयोजकाचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो, तरीही तो आखावा, आणि गोव्यातील माणसाने तर नक्कीच आखावा. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जात असे, आणि कागदावरील सूर पाहून तत्काळ वाजवणारा वादक स्टुडिओला हवाच होता. संगीतकाराने पेटीवर गुणगुणलेली चाल शेकडो सुरांच्या कागदांत मांडणे, प्रत्येक वाद्याचा हिस्सा लिहिणे आणि मुखड्यामागून दुसरी समांतर सुरावट फिरवणे हे काम संयोजकाचे असे. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा यांनी दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले. याच जोडीच्या तालविभागात दत्ताराम वाडकर होते आणि त्यांचा ठेका ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे आणखी एक मोठे नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ मधील ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात गुरूचे नाव आले ते त्यामुळेच. संगीतकारांतही आपला माणूस आहे: गोव्यात जन्मलेले दत्ता नाईक, म्हणजे एन. दत्ता, यांचा ‘धर्मपुत्र’ १९६१ चाच आहे आणि साहिर लुधियानवी यांच्या शब्दांचे ‘मैं जब भी अकेली होती हूँ’ हे आशा भोसले यांचे गाणे त्यातील.

या रकान्यात अंदाजाने काही लिहू नये. शंकर-जयकिशन यांचे गाणे म्हणजे संयोजन सेबॅस्टियन यांचे, असे बहुतांशी धरता येते. इतरत्र पुरावा नसेल तर जागा कोरी ठेवावी. आपल्या वाड्यावर एखादा वृद्ध वादक असेल, तर तक्ता घेऊन त्याच्याकडे जावे आणि तो काय सांगतो ते ‘ऐकीव’ असा शेरा मारून लिहावे.

ऐकण्याच्या तीन फेऱ्या

पहिल्या फेरीत प्रत्येक गाणे एकदाच, पूर्ण, शेवटच्या अंतऱ्यापर्यंत ऐकावे आणि गुण देऊ नयेत. रोज सहापेक्षा जास्त गाणी घेऊ नयेत, कारण सातव्या गाण्याला कान अन्याय करू लागतात. मी पावसाळ्याच्या दिवसांत ऐकत असे. वीज गेली की बैठक संपली, त्यामुळे मर्यादा आपोआप पाळली जाई. या फेरीत फक्त तीन खुणा कराव्यात: पुन्हा ऐकायचे, नको, आणि आश्चर्य. तिसरी खूण फार महत्त्वाची आहे. ‘शोला और शबनम’मधील कैफी आजमी यांचे ‘जाने क्या ढूँढती रहती हैं ये आँखें मुझमें’ मी पूर्वी शंभरदा ऐकले होते असे मला वाटत होते, पण प्रत्यक्षात पहिल्या दोन ओळीच शंभरदा ऐकल्या होत्या.

दुसऱ्या फेरीत आवृत्ती तपासावी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे चित्रपटात असलेला एखादा अंतरा तबकडीवर गळालेला किंवा मधले संगीत कापलेले आढळते. उलट तबकडीवरचा अंतरा चित्रपटातून कापला गेल्याचेही दिसते. एकच गाणे दोन गायकांनी वेगवेगळे गायलेले असू शकते: ‘एहसान तेरा होगा’ रफी आणि लता या दोघांच्याही स्वतंत्र आवाजात आहे आणि यादीत नेमके कोणते ते लिहायला हवे. ‘हम दोनो’ हा कृष्णधवल चित्रपट २०११ मध्ये रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, म्हणून आपण ऐकतो ती प्रत कोणती हे तिथेही पाहावे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जुन्या गाण्यांवर ढोलकी-ड्रमची थाप चढवून काढलेल्या ‘झंकार’ आवृत्त्या सरळ वगळाव्यात. त्यांत मूळ ठेका ऐकूच येत नाही आणि सेबॅस्टियन यांच्या व्हायोलिनांचे काय होते ते विचारू नये.

तिसरी फेरी हेडफोन लावून करावी आणि तीत गायकाकडे दुर्लक्ष करावे. मुखडा आणि अंतरा यांच्या मधल्या जागेत कोणते वाद्य आहे, ठेका कुठे बदलतो, गायकाच्या मागे दुसरी सुरावट चालू आहे का, एवढेच ऐकावे. ‘ऐ मेरे प्यारे वतन’मध्ये मन्ना डे यांनी आवाज जवळजवळ कुजबुजीपर्यंत खाली ठेवला आहे आणि वाद्येही त्याच्याहून वर जात नाहीत, हे याच फेरीत कळते. रागाचे नाव लिहिण्याचा मोह मात्र आवरावा. ‘ज्योति कलश छलके’ भूपाचे की देशकाराचे, हा वाद आमच्याकडे जेवणाचे पान थंड होईपर्यंत चालू शकतो, आणि यादीला त्याची गरज नसते.

निवड

मोठ्या यादीत शंभरएक गाणी आली असतील, तर त्यांतून प्रथम तीस आणि मग बारा निवडावीत. बाराचा आकडा सोयीचा आहे: बारा गाणी साधारण पाऊण तासात ऐकून होतात आणि त्यांवर बोलायला तेवढाच वेळ उरतो. एका संगीतकाराची दोनपेक्षा अधिक गाणी घेऊ नयेत. हा नियम नसेल तर १९६१ ची निम्मी यादी शंकर-जयकिशन यांचीच होते. लोकप्रियता आणि पुरस्कार यांना मत असावे, पण निर्णायक मत नसावे. रवी यांना ‘घराना’साठी आणि रफींना ‘तेरी प्यारी प्यारी सूरत को’साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. माझ्या बारांत या दोन्हींपैकी एकही नाही आणि त्याबद्दल घरात मला पुष्कळ ऐकून घ्यावे लागले आहे.

माझ्या बारांत ‘हम दोनो’ची दोन गाणी आहेत. ‘अभी ना जाओ छोड़ कर’मध्ये रफी थांबण्याचा आग्रह करतात आणि आशाबाई समजुतीने नकार देतात. गाणे संपते तरी तो संवाद मिटत नाही, म्हणून ते हवे. ‘अल्ला तेरो नाम’मध्ये लताबाईंनी प्रार्थनेचा सूर एकदाही रडवा होऊ दिलेला नाही. ‘ज्योति कलश छलके’साठी पंडित नरेंद्र शर्मा यांचे शब्द आणि बाबूजींची, म्हणजे सुधीर फडके यांची, चाल ही दोन कारणे पुरेशी आहेत, पण सकाळी सडा घालताना ऐकलेले गाणे म्हणूनही ते माझ्या यादीत असतेच. ‘नैन लड़ जइहैं’ हे बोलीच्या लहेजासाठी. रफी इथे शहरी उर्दू पूर्णपणे विसरतात. ‘एहसान तेरा होगा’ची रफींची आवृत्ती, ‘वो भूली दास्ताँ’, ‘तसवीर तेरी दिल में’, ‘ऐ मेरे प्यारे वतन’, ‘कोई हमदम न रहा’, ‘जाने क्या ढूँढती रहती हैं’ आणि ‘मैं जब भी अकेली होती हूँ’ ही त्यानंतरची. बाराव्या जागेवर मी बराच काळ अडलो होतो. शेवटी ‘घर आजा घिर आए’ घेतले. संगीतकार म्हणून पहिल्याच चित्रपटात पंचम, म्हणजे राहुल देव बर्मन, यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेले हे गाणे इतके शांत आहे, की पुढच्या पंचमची ओळख सांगणाऱ्यांना ते दाखवून प्रश्न विचारावासा वाटतो.

प्रत्येक निवडीपुढे दोन वाक्ये लिहावीत. ‘अप्रतिम’, ‘अवीट’, ‘सदाबहार’ हे शब्द वर्ज्य मानावेत. ते बाद केले की नेमके काय आवडले ते सांगण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

घरातील तबकड्या आणि कॅसेटी

घरात जुनी तबकडी असेल, तर तीवरूनच ऐकण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या पावसाळ्याने तिच्यावर आधीच हात फिरवलेला असतो. १९६१ च्या सुमाराच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, त्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकावा आणि मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोलाकार पुसावे. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नये. तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. वाजवताना ७८ चा वेग असलेले यंत्र आणि त्या रुंद खाचांसाठी बनवलेली सुई हवी. एलपीची सुई तिथे नीट बसत नाही. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती लावून पाहण्याचा मोह टाळावा, नाहीतर बुरशी यंत्राच्या हेडला चिकटते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीवर पसरते. तबकडी किंवा कॅसेटचे संगणकावरील फाइलमध्ये रूपांतर करायचेच असेल तर एकदाच, न दाबलेल्या (कॉम्प्रेस न केलेल्या) वेव्ह स्वरूपात करावे. फाइलच्या नावात चित्रपट, वर्ष आणि गाण्याची पहिली ओळ असावी.

ऐकवण्याचा क्रम

शेवटी बारा गाण्यांचा क्रम लावावा. आवडीच्या क्रमाने लावू नये. एकाच गायकाची दोन गाणी शेजारी येऊ देऊ नयेत, जलद गाण्यानंतर लगेच प्रार्थना ठेवू नये आणि सर्वांना पाठ असलेले गाणे तिसऱ्या-चौथ्या स्थानी ठेवावे, म्हणजे तोपर्यंत उशिरा येणारे येऊन बसलेले असतात. घरच्या बैठकीला साधा स्पीकर पुरतो. अंगणात किंवा देवळाच्या आवारात ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर रात्री दहाची मर्यादा लक्षात घ्यावी आणि सार्वजनिक कार्यक्रम असेल तर गाण्यांच्या हक्कधारकांच्या परवान्याची चौकशी आधी करावी.

बैठकीच्या वेळी तक्त्याची एक छापील प्रत आणि पेन्सिल मध्यभागी ठेवावी. आमच्याकडे गेल्या चवथीला ‘एहसान तेरा होगा’ सुरू असताना आत्याने पेन्सिल उचलली, ‘कधी ऐकले’ या रकान्यात ‘मुक्तीनंतर’ असे लिहिले आणि त्याखाली ‘ससुराल’मधील गाणे का नाही, असा प्रश्न टाकला. तो प्रश्न तक्त्यात अजून तसाच आहे.